काचेतल्या समुद्रातली हरळी

खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ वाढवणाऱ्या माणसाला आयप्टेशिया माहीत नाही, असे सहसा होत नाही. फिकट तपकिरी, जवळजवळ पारदर्शक, दोन-चार सेंटिमीटर उंचीचे हे समुद्रपुष्प खडकाच्या फटीत पाय रोवून बसते. वर बारीक स्पर्शकांचा झुबका, खाली नळीसारखे अंग. चिमट्याने धरायला जावे, तर क्षणात फटीत गडप. पहिले एखादे दिसते तेव्हा नवख्याला ते न मागता मिळालेले बक्षीस वाटते. काही महिन्यांत खडकभर त्याचीच वस्ती झालेली असते आणि त्याच्या डंखपेशींच्या टप्प्यात आलेली प्रवाळे मिटून, आकसून मरू लागलेली असतात.

त्याचा बंदोबस्त कसा करावा, यावर हौशी लोकांत गेली काही दशके खल चालू आहे. एकेक टिपून मारा, त्याला खाणारे प्राणी सोडा, खडक बाहेर काढून टाकी नव्याने मांडा, किंवा त्याच्यासकट नांदा, असे ढोबळमानाने चार पक्ष पडतात. प्रत्येकाकडे यश मिळालेली माणसे आहेत, आणि पैसे व प्रवाळ दोन्ही घालवून बसलेलीही. इथे या चारही पक्षांची बाजू मांडायची आहे. सोबत एक स्थानिक प्रश्नही आहे. समुद्रापासून तीनशे किलोमीटरहून आत, केजसारख्या गावात कोणी अशी टाकी मांडली, तर यातला कोणता सल्ला टिकतो? बहुतेक सल्ले अशा ठिकाणांहून आलेले आहेत जिथे वीज जात नाही, पाणी मोजावे लागत नाही आणि हवा तो प्राणी दुसऱ्या दिवशी दारात येतो.

तो टाकीत आला कसा

प्रवाळाची घरगुती टाकी ही तशी अलीकडची गोष्ट. 1961 साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली ‘नैसर्गिक पद्धत’ जगापुढे ठेवली. समुद्रातून आणलेले जिवंत खडक, समुद्राचेच पाणी आणि थोडे हवेचे बुडबुडे, एवढ्यावर ते प्रवाळ जगवत होते. पुढे जर्मनीत या कल्पनेला जोरदार दिवे आणि फेसाबरोबर घाण काढणारे यंत्र, म्हणजे प्रोटीन स्किमर, यांची जोड मिळाली आणि ‘बर्लिन पद्धत’ या नावाने ती जगभर गेली. या पद्धतीचा प्राण म्हणजे खडक. त्याच्या छिद्राछिद्रांत राहणारे जिवाणू पाण्यातली घाण पचवतात. पण खडक जिवंत म्हटला की त्यावरचे सगळेच आले: स्पंज, कृमी, शैवाल, आणि कुठेतरी टाचणीच्या डोक्याएवढा आयप्टेशिया. आज वाळवलेला खडक वापरणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे तो प्रवाळाच्या तुकड्याखालच्या बैठकीला चिकटून येतो.

या प्राण्याचे पहिले शास्त्रीय वर्णन 1829 सालचे. त्यानंतर वेगवेगळ्या समुद्रांतल्या अभ्यासकांनी त्याला वेगवेगळी नावे दिली. 2014 मध्ये ग्राहालेस आणि रोद्रिगेस या संशोधकांनी या कुळाची फेरतपासणी केली, तेव्हा जगभर निरनिराळ्या नावांनी ओळखले जाणारे बरेचसे आयप्टेशिया एकाच जातीचे असल्याचे पुढे आले. आज ती जात एक्सआयप्टेशिया डायाफाना म्हणून ओळखली जाते. हौशी माणसाला याचा उपयोग इतकाच, की आपल्या टाकीतला पाहुणा इंडोनेशियाचा की कॅरिबियनचा याची फार चिकित्सा करण्याचे कारण नाही. उपाय बहुधा तेच.

‘मजानो’ म्हणून ओळखले जाणारे दुसरे उपद्रवी समुद्रपुष्प मात्र वेगळे. ते बुटके असते, स्पर्शकांची टोके फुगीर, रंग हिरवट किंवा तपकिरी. आयप्टेशियाला खाणारे सगळे प्राणी त्याला खात नाहीत. पैसे खर्चण्याआधी कोण बसले आहे ते भिंगातून पाहून घेतलेले बरे.

प्रयोगशाळेतला लाडका

या वादातली सर्वांत उपयोगी माहिती अशा लोकांनी जमवली आहे ज्यांना हा प्राणी मारायचा नसून जगवायचा आहे. आयप्टेशियाच्या पेशींत प्रवाळासारखीच सूक्ष्म शैवाले राहतात आणि उजेडात तयार केलेली साखर यजमानाला पुरवतात. समुद्र तापला की प्रवाळ ही शैवाले गमावून पांढरे पडते. हे कसे घडते ते समजून घ्यायला प्रवाळच वापरावे, तर ते नाजूक, हळू वाढणारे आणि जगभर संरक्षित. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्या या दणकट भावाला हाताशी धरले. 2015 मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्या कामाचे केंद्र सौदी अरेबियातील किंग अब्दुल्ला विद्यापीठ होते. एकाच प्राण्यापासून वाढवलेला त्याचा एक वंश आज अनेक देशांतल्या प्रयोगशाळांत नांदतो आहे.

एकापासून सारा वंश कसा वाढतो, यातच हौशी माणसाच्या डोकेदुखीचे उत्तर आहे. आयप्टेशिया सरकताना पायाच्या तबकडीचे बारीक तुकडे मागे सोडतो आणि त्या प्रत्येकातून नवा प्राणी उभा राहतो. जोडीदार लागत नाही. लैंगिक प्रजननही होते, पण त्यातून निघालेल्या अळ्या खडकावर बसवून मोठ्या करणे प्रयोगशाळांनाही बराच काळ जमत नव्हते. म्हणून घरच्या टाकीतली वाढ मुख्यतः तुकड्यांमुळे होत असावी, असे मानायला जागा आहे. त्याला खरवडून काढण्याचा प्रकार हरळी नांगरण्यातला आहे: रान स्वच्छ दिसते, आणि प्रत्येक पेर नव्या जागी रुजते.

दुसरी गोष्ट उजेडाची. दिवे काही दिवस बंद ठेवले की आयप्टेशिया मरेल, असा सल्ला अजून ऐकू येतो. प्रयोगशाळांत मात्र शैवाल काढून टाकलेले, पांढरेफटक आयप्टेशिया अंधारात दीर्घकाळ ठेवले जातात. फक्त त्यांना आर्टेमियासारखे बारीक खाद्य मिळत राहिले पाहिजे. माशांना खायला घालतो त्या टाकीत ते मिळतेच. अंधार करून आधी मरतील ती प्रवाळे.

पहिला पक्ष: एकेक टिपणे

सर्वांत जुना आणि स्वस्त मार्ग चुन्याचा. कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विझवलेला चुना, शुद्ध पाण्यात घट्ट कालवून बोथट सुईच्या सिरिंजने आयप्टेशियाच्या तोंडावर अलगद सोडायचा. पंप बंद. घाई नाही. खाद्य समजून तो गिळतो आणि प्रचंड अल्कधर्मी लगद्याने आतून जळतो. संपृक्त चुनाद्रावणाचा सामू साडेबाराच्या आसपास असतो, समुद्राच्या पाण्याचा आठाच्या थोडा वर. रेड सी कंपनीचे ‘आयप्टेशिया-एक्स’ किंवा ‘जोज ज्यूस’ यांसारखी तयार औषधे याच रीतीने, तोंडावर सोडून, वापरायची असतात. कोणी लिंबाचा रस वापरतो, कोणी व्हिनेगर, कोणी उकळते पाणी टोचतो. विजेच्या कांड्या आणि लेझरही निघाले आहेत. लेझरबद्दल एवढेच, की काचेवरून परावर्तित झालेला किरण माणसाचा डोळा कायमचा घालवू शकतो. चार समुद्रपुष्पांसाठी हा जुगार खेळावा असे मला वाटत नाही.

या पक्षाची बाजू भक्कम आहे ती सुरुवातीच्या काळात. पाच-दहा आयप्टेशिया, सगळे समोर दिसणारे, तर चुना पुरतो. केजमध्ये चुना पानटपरीवरही मिळतो, पण त्यात आणखी काय मिसळले आहे याची खात्री नसते. शुद्ध रसायनाची पुडी महाग नाही. एका वेळी फार चुना सोडला तर टाकीचा सामू चढतो आणि पाण्यातले क्षार पांढरे होऊन खाली बसतात.

विरोधकांचा आक्षेप असा, की दिसतात तेवढेच मरतात. खडकाच्या मागे, पंपाच्या घरात, फिल्टरच्या डब्यात बसलेले सुटतात. शिवाय अर्धवट जळालेला आयप्टेशिया आकसून फटीत जातो आणि तिथून त्याचे तुकडे नव्याने वाढतात. टोचल्यामुळे तो ‘चवताळून बीज सोडतो’ हा समज बराच पसरला आहे. तुकड्यांवरून जे माहीत आहे त्याने यातले पुष्कळसे समजते, बीजाची गरज पडत नाही.

दुसरा पक्ष: शिकारी सोडणे

इथे चर्चा सर्वांत रंगते, आणि इथेच फसवणूकही जास्त होते.

पेपरमिंट कोळंबी हे पहिले नाव. लिस्माटा वंशातल्या, लाल रेषांच्या या कोळंब्या आयप्टेशिया खातात, याला 2004 मध्ये ऱ्हाइन, लिन आणि डील यांच्या अभ्यासाने दुजोरा दिला. दोनच वर्षांनी असे दिसले, की पश्चिम अटलांटिकमध्ये जिला एकच जात समजत होते तिच्यात अनेक जाती दडलेल्या आहेत. दुकानातल्या पिशवीवर मात्र सगळ्यांना एकच नाव. त्यातच उंटकोळंबी म्हणून ओळखली जाणारी, दिसायला बरीच सारखी पण प्रवाळाचा फडशा पाडणारी रिंकोसिनेटीस तिच्या नावावर खपते. ‘माझ्या कोळंबीने दोन आठवड्यांत टाकी साफ केली’ आणि ‘माझी ढुंकूनही बघत नाही’ ही दोन्ही विधाने खरी असू शकतात, कारण बोलणाऱ्यांकडे एकच प्राणी असेल याची खात्री नाही. खरी पेपरमिंट असली तरी माशांचे खाद्य आयते मिळू लागले की ती शिकारीचे कष्ट घेत नाही, आणि मोठ्या आयप्टेशियाच्या वाटेलाही सहसा जात नाही.

बर्घिया ही पाठीवर बोटासारख्या झालरी असलेली छोटी समुद्री गोगलगाय. तिला शंख नसतो. फ्लोरिडातील नमुन्यांवरून 2005 मध्ये तिला शास्त्रीय नाव मिळाले. ती आयप्टेशियाशिवाय दुसरे काही खात नाही. त्याच्या न फुटलेल्या डंखपेशी पचवण्याऐवजी ती आपल्या झालरींच्या टोकांत साठवते आणि स्वतःच्या बचावासाठी वापरते. प्रयोगशाळेत तिची पैदास होते. अमेरिकेत तर मेंदूच्या अभ्यासासाठीही ती आता पाळली जाते. हौशी लोकांतला एक मोठा गट तिलाच एकमेव खरा उपाय मानतो, कारण ती रात्री फटीफटींत शिरते, जिथे सुई पोचत नाही.

तिचा दोषही याच गुणात आहे. खाद्य संपले की ती उपाशी मरते. आयुष्य साधारण वर्षभराचे. रॅस गटातले अनेक मासे आणि खुद्द पेपरमिंट कोळंबी तिला खातात, त्यामुळे दोन उपाय एकदम केले तर एक उपाय दुसऱ्याच्या पोटात जातो. आणि ती सावकाश काम करते. अंडी, पिल्ले, पुढची पिढी असे चक्र फिरेपर्यंत वाट पाहण्याची तयारी हवी.

मग मासे. लांब चोचीचा, तांबूस पट्ट्यांचा कॉपरबँड फुलपाखरू मासा आणि अंगावर केसाळ धागे असलेला ब्रिसलटेल फाइलफिश. दोघांनी टाक्या साफ केल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. कॉपरबँडला मोठी टाकी लागते, प्रवास सोसत नाही आणि नव्या घरी अनेकदा तो अन्नालाच तोंड लावत नाही. फाइलफिश त्यामानाने काटक आहे, त्याची बंदिस्त पैदासही झाली आहे. पण आयप्टेशिया संपल्यावर तो कधी कधी झोअँथिड आणि इतर मऊ प्रवाळांकडे वळतो. एका उपद्रवी जिवासाठी मासा विकत घ्यायचा आणि काम झाले की त्याचे काय करायचे, हा नैतिक प्रश्न या चर्चेत हळूहळू डोके वर काढतो आहे. तो टाळता येण्यासारखा नाही.

तिसरा पक्ष: मोडा आणि पुन्हा मांडा

हा पक्ष म्हणतो, की खडकभर वस्ती झाल्यावर टिपत बसण्यात अर्थ नाही. प्रवाळ बाजूला काढा, प्रत्येकाची बैठक बदला, आणि खडक वाळवून मारून पुन्हा वापरा. केजच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो; त्या उन्हात काही आठवडे ठेवलेल्या खडकात काहीही जिवंत राहत नाही. शेजाऱ्यांना वास मात्र सोसावा लागतो. पुढे तो खडक टाकीत टाकला की मेलेल्या जिवांतून नायट्रोजन आणि फॉस्फेट सुटत राहतात आणि जिवाणूंची घडी पुन्हा बसवावी लागते.

खडक उकळू मात्र नये. त्यावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ असतील तर त्यांचे पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष वाफेबरोबर फुफ्फुसात जाऊ शकते. 2012 ते 2014 या काळात अलास्कातल्या दुकानांत आणि घरांत अशा संशयित विषबाधा झाल्या आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने त्यांची नोंद प्रसिद्ध केली. उकळणे, गरम पाण्याने घासणे, दाबाच्या फवाऱ्याने धुणे, सगळेच धोक्याचे.

याच पक्षाची सौम्य शाखा प्रतिबंधावर भर देते. नवा प्रवाळ सरळ मुख्य टाकीत न सोडता वेगळ्या छोट्या टाकीत काही आठवडे ठेवायचा, जुनी बैठक फोडून फेकायची, आणि भिंगाने तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही. यावर कोणाचा फारसा आक्षेप नाही. पाळतात मात्र थोडे.

चौथा पक्ष: नांदणे

केवळ मासे असलेल्या टाकीत आयप्टेशिया फारसे नुकसान करत नाही, काही प्रमाणात पाण्यातले नायट्रोजनयुक्त पदार्थही घेतो. काही जण त्याला खालच्या फिल्टरच्या टाकीत मुद्दाम राहू देतात. खाद्य मोजून घातले तर वस्ती आटोक्यात राहते, असा त्यांचा अनुभव. प्रवाळाच्या टाकीत हा मार्ग धोक्याचा, कारण जागेसाठीच्या स्पर्धेत हळू वाढणारे कठीण प्रवाळ या प्राण्यापुढे टिकत नाही. अर्थात ज्याने चार वर्षे झगडून अखेर शस्त्र खाली ठेवले, त्याच्या टाकीत आयप्टेशियांच्या मधोमध सुखाने वाढणारी मऊ प्रवाळेही पाहायला मिळतात.

केजचा तराजू

आता स्थानिक हिशेब. किनाऱ्यावरचा माणूस समुद्राचे पाणी आणू शकतो. केजमध्ये प्रत्येक लिटर बोअरच्या जड पाण्यातून आरओने शुद्ध करून त्यात विकतचे समुद्री मीठ घालावे लागते. समुद्राइतकी क्षारता म्हणजे लिटरला सुमारे 35 ग्रॅम. तीनशे लिटरच्या टाकीत दहा टक्के पाणी बदलले, तर किलोभर मीठ गेले. टाकी मोडून मांडायची तर दहा किलोंहून जास्त. आरओ वाया घालवतो ते पाणी वेगळेच, आणि मांजरा धरण याच तालुक्यात धनेगावला असले तरी ते आटल्याची वर्षे इथल्या लोकांच्या स्मरणात आहेत. काढलेले खारे पाणी परसातल्या लिंबाला किंवा शेताकडेच्या चारीत सोडण्याचा मोह होतो. ते जमिनीचे नुकसान आहे, आणि या वादात त्याचा उल्लेख कोणी करत नाही. म्हणून तिसरा पक्ष, कागदावर सर्वांत खात्रीचा असला तरी, इथे सर्वांत महागात पडतो.

वीज हा दुसरा मुद्दा. उन्हाळ्यात वीज जाऊन चिलर बंद पडला की पाणी तापते आणि प्रवाळ आधी जाते. आयप्टेशिया शैवाल गमावूनही तग धरतो. प्रयोगशाळांनी त्याला निवडले ते याच गुणासाठी. अशा एका दुर्घटनेनंतर रिकाम्या झालेल्या खडकावर तोच पसरतो. त्यामुळे इथे इन्व्हर्टरची बॅटरी हाही आयप्टेशियाविरुद्धचा उपाय म्हणायला हवा.

तिसरा, पुरवठा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या बाजारात जाऊन कोळंबी डोळ्यांनी पारखता येते. केजला ती रात्रभराच्या बसप्रवासाने, प्राणवायू भरलेल्या पिशवीत येणार. कॉपरबँडसारख्या नाजूक माशासाठी हा प्रवास म्हणजे शिक्षाच. सगळे धरून माझे मत असे, की इथे सुरुवातीलाच चुन्याने टिपणे आणि नव्या प्रवाळाचे विलगीकरण यांवर जोर द्यावा, शिकारी हवाच असेल तर तो कोळंबी असावा, आणि मासा शेवटी.

कायद्याचाही विचार इथेच करावा लागतो. 2001 पासून खडक बांधणारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मालवणच्या समुद्रातून खडक किंवा प्रवाळ तोडून आणणे हा गुन्हा आहे. परदेशातून येणाऱ्या कठीण प्रवाळांना साइट्स या वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराची कागदपत्रे लागतात, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर साइट्स यादीतले जिवंत प्राणी घरी ठेवणाऱ्यांवर नोंदणीची जबाबदारी आली. तिचे नियम 2024 मध्ये निघाले. ‘स्वस्त लाइव्ह रॉक’ म्हणून जे हातोहात विकले जाते त्याबरोबर आयप्टेशियाच नव्हे, खटलाही घरी येऊ शकतो.

काय सुटलेले नाही

सर्वांत मोठी उणीव तुलनेची आहे. कोळंबी खाते का, गोगलगाय किती खाते, हे काचेच्या भांड्यांत मोजलेले आहे. पण तीन-चारशे लिटरच्या नांदत्या टाकीत, माशांचे खाद्य पडत असताना, सर्व उपाय समोरासमोर ठेवून वर्षभर केलेल्या नोंदी दुर्मीळ आहेत. हौशी माणसे एका वेळी तीन उपाय करतात आणि शेवटचा केला त्याला श्रेय देतात. ज्यांचे फसले ते बहुधा बोलत नाहीत.

दुसरा प्रश्न खाद्याचा. कमी खाऊ घातल्याने आयप्टेशियाची संख्या घटते, की प्राणी फक्त अंगाने बारीक होतात आणि तुकडे सोडतच राहतात? चौथ्या पक्षाची सगळी मदार याच्या उत्तरावर आहे. तिसरा, समूळ नाश हे ध्येय ठेवावे का? दिसेनासा झाला म्हणजे संपला असे या प्राण्याबाबत म्हणता येत नाही. टाचणीच्या टोकाएवढा तुकडा पुरतो. नियंत्रण पुरेसे मानणारे आणि शेवटचा मारल्याशिवाय न थांबणारे, यांच्यातला फरक बराचसा स्वभावाचा आहे.

आणि शिकारी कुठून यावेत, हा प्रश्न. समुद्रातून पकडलेले प्राणी वापरण्याबद्दलची अस्वस्थता वाढते आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने शोभिवंत सागरी कोळंब्यांची पैदास सुरू करून ती स्थानिक महिलांच्या हाती दिली आहे. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही सागरी शोभिवंत माशांच्या बीजोत्पादनाचे काम झाले आहे. अशा केंद्रांतून, जात नक्की ओळखलेली लिस्माटा लेबल लावून मिळू लागली, तर निदान पेपरमिंट खाते की नाही या भांडणाचा निकाल लागेल. तोपर्यंत केजच्या माणसाला पिशवीतली कोळंबी उजेडात धरून स्वतःच ओळखावी लागणार: लाल रेषा उभ्या सलग आणि अंग जवळजवळ पारदर्शक, तर घ्यावी; रेषांच्या मधोमध पांढऱ्या रेघा आणि ठिपके, डोळे मोठे, पाठीला कुबड, तर दुकानदाराला परत करावी.